कुलपं काढा, पण जोडप्यांना बसू द्या

कोकणात आता प्रेमाची कुलपं यायला लागली आहेत, म्हणजे जोडप्यानं आपली नावं लिहून कठड्याला कुलूप लावायचं आणि किल्ली पाण्यात फेकायची. अजून मोजकीच आहेत, एखाद्या जेटीच्या रेलिंगला, व्ह्यू पॉइंटच्या साखळीला, खाडीपुलाच्या कठड्याला अशी कुठं कुठं दिसतात, पण रील ज्या वेगानं फिरतात ते बघता ही पण पसरणार हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून आत्ताच बोलायला हवं असं मला वाटतं, कारण दोन बाजूंनी दोन चुकीची उत्तरं तयार होऊन बसली आहेत. एक बाजू म्हणते ही सगळी परदेशी थेरं, कुलपं तोडा आणि लावणाऱ्या पोरापोरींना पण चांगला धडा शिकवा. दुसरी बाजू म्हणते टुरिझम वाढेल, ग्रामपंचायतीनं एक मोठा लोखंडी बदाम उभा करावा आणि या, लावा म्हणावं. मला दोन्ही पटत नाही. सार्वजनिक जागेवर कुलपं नकोत हे माझं ठाम मत आहे आणि ती लावणाऱ्यांना तिथून हाकलायचं नाही हेही तितकंच ठाम मत आहे, आणि यातलं एक सोडून दुसरं धरलं तर आपण कोणाचं तरी नुकसान करतो.

आधी हे कुठून आलं ते. सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट सर्बियातल्या व्रन्याच्का बान्या नावाच्या गावची आहे. तिथं नादा नावाची शिक्षिका आणि रेल्या नावाचा लष्करी अधिकारी यांचं लग्न ठरलेलं. पहिलं महायुद्ध आलं, तो ग्रीसला गेला, कोर्फू बेटावर दुसऱ्याच मुलीत गुंतला आणि परत आलाच नाही, आणि नादा झुरून झुरून गेली. मग गावातल्या मुली घाबरल्या. आपल्या बाबतीत असं होऊ नये म्हणून त्यांनी आपलं आणि आपल्या माणसाचं नाव कुलपावर लिहून नादा आणि रेल्या जिथं भेटायचे त्या पुलाला लावायला सुरुवात केली. पुढं १९८० च्या दशकात हंगेरीतल्या पेच शहरात कुलपं दिसायला लागली आणि २००६ च्या सुमारास रोममध्ये एका लोकप्रिय कादंबरीतल्या जोडप्यानं मिल्व्हियो पुलावरच्या दिव्याच्या खांबाला कुलूप लावून किल्ली टायबर नदीत फेकली, ते वाचून खऱ्या जोडप्यांची तिथं रांग लागली आणि मग जगभर हे लोण गेलं.

त्या सर्बियन गोष्टीतली भीती मला मनापासून समजते. कोकणातल्या कुठल्याही बाईला ती समजेल. आमच्या आज्यांचे नवरे मुंबईला गिरणीत, भेट व्हायची ती गणपतीला आणि शिमग्याला, बाकी वर्षभर मनीऑर्डरच्या फॉर्मच्या तळाला जी एवढीशी जागा असायची तिथं लिहिलेल्या दोन ओळी, त्या पण पोस्टमननं वाचून दाखवलेल्या. माणूस तिकडं गेला की तिकडचाच होईल का ही धास्ती घराघरात होती. तेव्हा कुलूप लावण्यामागचं मन मला परकं वाटत नाही, आणि जे लोक त्याला नुसतं खूळ म्हणतात त्यांनी दोन मिनिटं याचा विचार करावा.

पण मन समजलं म्हणून वस्तू चालते असं नाही. पॅरिसमध्ये काय झालं ते बघा. सीन नदीवर पाँ देझार नावाचा फक्त पायी चालणाऱ्यांचा पूल आहे. २००८ च्या आसपास तिथं कुलपं लागायला सुरुवात झाली, आणि जून २०१४ मध्ये कठड्याच्या जाळीचा एक भाग वजनानं तुटून पडला. पुढच्या जूनमध्ये महापालिकेनं सगळ्या जाळ्या कुलपांसकट उतरवल्या, ते वजन भरलं सुमारे ४५ टन, आणि जाळ्यांच्या जागी काचा बसवल्या. एक कुलूप हातात घेतलं तर पाव किलो पण भरत नाही, लावणाऱ्याला वाटतं माझ्या एका कुलपानं काय होणार, आणि ते खरंच असतं, त्याच्या एकट्याच्या कुलपानं काही होत नाही. रोममध्येही २००७ मध्ये त्या पुलावरचा दिव्याचा खांब कुलपांच्या भारानं मोडायला आला आणि शेवटी २०१२ मध्ये ती हटवावी लागली. जर्मनीत कोलोनला मात्र होहेनझोलर्न पुलाला अजून कुलपं आहेत. रेल्वेनं आधी काढायचं म्हटलं, लोक चिडले, रेल्वेनं नाद सोडला. म्हणजे कुलूप लागलं की पूल पडलाच असं मी म्हणत नाहीये. तो पूल आगगाड्या पेलायला बांधलेला आहे, त्याला कुलपांचं ओझं जाणवणार पण नाही. आपल्या जेटीचं रेलिंग आणि वहाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पायपूल, यांची गोष्ट वेगळी आहे.

कारण आपल्याकडे वजन नंतर, गंज आधी.

हे मी एका जेटीवर अगदी जवळून बघितलंय, गावाचं नाव घेत नाही कारण तिथल्या लोकांची यात काही चूक नाही. रेलिंग गॅल्वनाइज्ड पाइपचं, वर निळा ऑइलपेंट. मधल्या आडव्या पाइपला एक कुलूप, दिसायला पितळी पण नुसता मुलामा, आत साधं लोखंड. त्यावर पर्मनंट मार्करनं दोन अक्षरं, एक बदाम आणि खाली तारीख, जानेवारीची. मी बघत होते ऑक्टोबरात, म्हणजे मध्ये फक्त एक पावसाळा गेला होता. तेवढ्यात कडी गंजून फुगली होती, शाई जवळपास गेली होती, आणि कडी जिथं पाइपवर टेकते तिथं वाऱ्यानं हलून हलून रंग घासला गेला होता, रंगाखालचा जस्ताचा थर पण गेला होता, आणि तिथून एक तांबूस ओघळ निघून खालच्या काँक्रीटपर्यंत पोचला होता. बोट लावलं तर पाइपचा पापुद्रा हातात आला. बाकीचं रेलिंग अजून चांगलं होतं. खराबी फक्त तेवढ्याच जागी, कुलपाखाली.

हे असं का होतं ते कुठलाही फॅब्रिकेशनवाला सांगेल. लोखंडाला वाचवतो तो वरचा जस्ताचा थर. कुलूप सतत घासून तो थर काढतं, आणि कडी आणि पाइपच्या मधल्या फटीत खारं पाणी अडकून राहतं, ते लवकर वाळत नाही, वाळलं तरी मीठ तिथंच राहतं आणि पुढचा दमट वारा आला की परत ओलं होतं. रंग मारायला माणूस येतो त्याला कुलपाखाली ब्रश घालता येत नाही, कुलूप काढता येत नाही कारण किल्ली खाडीत, मग तो बाजूबाजूनं रंग मारून जातो आणि आत गंज चालूच. काही जण म्हणतात स्टेनलेसचं रेलिंग करा म्हणजे प्रश्न मिटला. समुद्राकाठी साधं स्टेनलेस पण ठिपक्याठिपक्यांनी गंजतं, बंदरावरच्या माणसाला विचारा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बारा महिने खारा वारा असलेल्या पट्ट्यात आपण राहतो, खिडकीचे गज, गाडीची पत्रं, फ्रीजची मागची जाळी, काही म्हणजे काही टिकत नाही, आणि त्यात आपण स्वतः होऊन रेलिंगला गंज धरायची सोय करून द्यायची?

पुलांच्या बाबतीत तर कोकणानं फार सोसलंय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसट्या माणसांसकट वाहून गेल्या. त्याचा कुलपांशी काडीचाही संबंध नाही, तो दगडी पूल होता आणि नदीला महापूर होता. पण त्या रात्रीनंतर पुलाची देखभाल हा विषय आपण कोणी हलक्यात घेऊ शकत नाही. आणि घाटावर मावळात १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना पडला, चार माणसं गेली. आमच्या वाड्यावाड्यांना जोडणारे साकव आहेत, शाळेची पोरं, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया, सगळ्यांचा पावसाळ्यातला रस्ता तोच. हल्ली प्री-वेडिंग शूटवाले असले साकव शोधत आत वाडीपर्यंत येतात कारण फोटोत फार सुंदर दिसतात, आणि दिसतातच. पण उद्या त्यातल्या कोणी कुलूप लावून रील टाकलं आणि लोकेशन पण टाकलं तर त्या साकवाची तपासणी कोण करणार, पाइप कधी बदलणार, आणि त्यावरून रोज जाणारी पोरं कोणाची?

किल्लीचं पण थोडं बोलते. खाडीतल्या प्लास्टिकपुढं आणि फुटक्या बाटल्यांपुढं किल्ली काहीच नाही हे मला मान्य आहे, उगाच मोठं करून सांगत नाही. पण ओहोटीला त्याच चिखलात, त्याच वाळूत आमच्या बाया अनवाणी उतरतात, हातानं चाचपून मुळे, तिसऱ्या अशी शिंपली काढतात, खडकावरची कालवं फोडतात. पाण्यात वस्तू फेकली म्हणजे ती नाहीशी झाली असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ओहोटीला येऊन बघावं.

आता किल्ले. खरं तर कुलपाच्या आधीपासून हे दुखणं तिथं आहे, दगडावर नाव कोरायचं, त्याला बदाम, बदामाला बाण. जांभा दगड मऊ, त्यावर साध्या किल्लीनं पण कोरता येतं आणि म्हणूनच कोरलं जातं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात आपल्या किनाऱ्यावरचे सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी आहेत, शिवाय रायगड. मालवणच्या सिंधुदुर्गावर तर चुन्यात उमटलेला महाराजांचा हाताचा आणि पायाचा ठसा आहे, लोक तिथं चपला काढून उभे राहतात, डोळ्यांत पाणी येतं काही जणांच्या, आणि असल्याच तटांवर दुसरं कोणी खिशातून किल्ली काढून आपलं नाव खरवडतं. संरक्षित स्मारकाला इजा करणं हा १९५८ च्या कायद्यानं गुन्हा आहे, २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे किती जणांना माहीत असतं? होडीतून उतरल्यावर पहिल्यांदा दिसेल असा, साध्या मराठीत लिहिलेला बोर्ड हवा, कोपऱ्यात गंजलेला निळा पत्रा नको.

आणि सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरची, कातळात कोरलेली जुनी चित्रं, कातळशिल्पं. कशेळी, देवाचे गोठणे, उक्षी, रुंध्ये तळी इथली २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. तिथं तर कुलूप लावायला काही नाहीच, मोकळा कातळ, पण एक रेघ ओढली तरी ती राहते. मला एकानं विचारलं होतं की ते पण कोणीतरी कोरलंच ना मग आम्ही का नाही? याचं उत्तर मी त्याला दिलं तेच इथं देते. ज्यांनी ते हत्ती, मासे, माणसं कोरली त्यांना आपण थांबवू शकत नव्हतो, आणि आज ते सगळ्या गावाचं झालंय. तुझं नाव सगळ्या गावाचं कधीच होणार नाही, ते फक्त तुझंच राहणार आणि शेजारची जुनी रेघ मात्र बिघडवणार.

यावर एक हरकत नेहमी येते आणि ती वजनदार आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबते. लोक म्हणतात आपल्याकडे नाही का वडाला दोरा गुंडाळत, देवळात नवसाच्या घंटा नाही का बांधत, मूल व्हावं म्हणून पाळणे नाही का टांगत? मग त्या पोरांनी कुलूप लावलं तर एवढं काय?

वडाचंच घ्या. ज्येष्ठी पौर्णिमेला पाऊस नुकताच लागलेला असतो, बाया छत्र्या सांभाळत वडाभोवती फिरतात, पांढरा सुती दोरा ओला होऊन खोडाला चिकटतो. श्रावण येईस्तोवर तो कुजायला लागतो, गणपतीपर्यंत बऱ्याच ठिकाणी धागा दिसत पण नाही. आणि मुख्य म्हणजे त्या दोऱ्यावर कोणाचंच नाव नसतं. एकाच खोडाला अख्ख्या वाडीच्या बायांचा दोरा, माझा कुठला तुझा कुठला कोणी सांगू शकत नाही. (सात जन्म तोच नवरा मागायचा की नाही यावर माझं वेगळं मत आहे पण तो आजचा विषय नाही. आणि हल्ली जो चमकणारा नायलॉनचा दोरा मिळतो त्यालाही माझा विरोधच आहे, तो कुजत नाही, झाडाला काचतो.) घंटेचं पण तसंच. नवसाची घंटा देवळात दिली की ती देवस्थानची होते, वहीत नोंद होते, गुरव ती पुसतो, जास्त झाल्या तर विचार करून हलवल्या जातात. म्हणजे देणारा आहे तसा घेणारा पण आहे. कुलपाला घेणारा कोणी नाही. लावणारा लावून पुण्या-मुंबईला जातो, किल्ली फेकतो म्हणजे काढायची जबाबदारी पण फेकतो, आणि मागं राहतं ते जेटी सांभाळणाऱ्याच्या गळ्यात. परंपरेत बांधायचं ते कोणाच्या तरी परवानगीनं आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली, एवढा फरक आहे, आणि माझ्या मते तो फार मोठा आहे.

त्याच जेटीवर चहा विकणाऱ्या काकी आहेत. त्यांना मी कुलूप दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अगो, पोरां येतत, बसतत, हसतत, माका बरां वाटता. पण ह्यां कुलूप मागीर काढूक कोण येतलो?"

माझ्या सगळ्या लेखापेक्षा काकींना जास्त कळलंय असं मला वाटतं, कारण त्यांनी दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या. पोरं येतात ते त्यांना बरं वाटतं. आपल्यातल्या किती जणांना बरं वाटतं?

कारण आता दुसरी बाजू. मी रत्नागिरीकडची, मला माहितीये आमच्याकडे प्रेम करणं म्हणजे काय. भाट्याच्या किनाऱ्यावर मुलगा-मुलगी अर्धा तास शेजारी बसली तर संध्याकाळपर्यंत घरी फोन गेलेला असतो, बघणाऱ्यांत कोणीतरी काकांचा मित्र नाहीतर आईच्या ऑफिसातला असतोच. सुरूच्या बनात बसलं तर कोणी मोबाइल काढून व्हिडिओ घेतं. लॉजवर आधार कार्डाचा पत्ता जवळपासचा दिसला की रूम नाही म्हणतात. जात वेगळी असेल तर बोलायलाच नको. धर्म वेगळा असेल आणि कोणीच धर्म बदलणार नसेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची, ती नावापत्त्यासकट विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लागते आणि तीस दिवस थांबायचं. हरकत कायद्यातल्या कारणांपुरतीच चालते हे खरं, पण तोवर नावं गावभर होतात आणि मग घरचे काय करतील, नातेवाईक काय करतील या धास्तीत तो महिना काढायचा. म्हणजे जिथं दोघांना आपलं नाव नको असतं तिथं ते बोर्डावर, आणि जिथं उघडपणे एकत्र दिसायचं असतं तिथं तोंड लपवून.

त्या जेटीवरच्या कुलपावर पूर्ण नावं नव्हती, फक्त दोन अक्षरं. का नव्हती ते मला लगेच कळलं आणि वाईट वाटलं. कोणीतरी आम्ही आहोत एवढंच सांगत होतं, आणि ते पण अर्धवट, ओळख पटणार नाही अशा बेतानं. ज्या समाजात दोन माणसांना साधं शेजारी बसू देत नाहीत तिथं ती कुठंतरी गुपचूप खूण करून जाणारच. किल्ल्यावरचे बदाम, रेलिंगचं कुलूप, एसटीच्या सीटमागं पेननं लिहिलेली नावं, हे सगळं मला एकाच घुसमटीतून आलेलं दिसतं. ती घुसमट तशीच ठेवून नुसतं कटर घेऊन फिरलात तर कुलपं परत येतील.

म्हणून संस्कृतिरक्षकांना मला स्पष्ट सांगायचंय. दोन सज्ञान माणसांनी समुद्राकडे बघत बसणं हा गुन्हा नाही. सार्वजनिक जागी अश्लील वागून दुसऱ्याला त्रास देणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ मध्ये तो लिहिलाय, पण हातात हात घेऊन सूर्यास्त बघणं त्यात बसत नाही आणि ते ठरवायचा अधिकार गल्लीतल्या चार पोरांना तर अजिबात नाही. २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सज्ञान माणसांच्या जोडीदार निवडण्यात कुठल्या जमावानं, पंचायतीनं पडायचं कारण नाही. आणि डिसेंबर २०२२ मध्ये रात्री एका जोडप्याला अडवून त्रास देणाऱ्या सुरक्षा दलाच्या जवानाच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं पोलिसांनी नैतिकतेची पोलिसगिरी करायची नसते असं म्हटलं. हे निकाल आपल्या किनाऱ्यांवर पोचलेत असं मला दिसत नाही. जोडपं दिसलं की नाव विचार, गाव विचार, वडिलांचा नंबर दे, हे सर्रास चालतं, आणि त्यात मुलीची जी अवस्था होते ती मी मैत्रिणींकडून ऐकलीये, परत त्या किनाऱ्यावर पाऊल ठेवलं नाही कोणी कोणी.

आता लोखंडी बदामवाले. सोलमध्ये नामसान डोंगरावरच्या टॉवरला कुलपांसाठी खास लोखंडी झाडं केलीयेत, मॉस्कोत लुझकोव्ह पुलावर पण आहेत, तसं आपण करूया म्हणतात. ज्यांच्याकडे ते सांभाळायला माणसं आणि बजेट आहे त्यांनी करावं. आपल्याकडे गावोगाव "आय लव्ह" अमुकतमुक अशी मोठी अक्षरं उभी राहिली, त्यातली किती अक्षरं दोन पावसाळ्यांनंतर धड राहिली ते आपापल्या गावात बघा. दुसरं म्हणजे जागा नेमून दिली की माणूस तिथंच थांबतो असं होत नाही, ती भरली की शेजारच्या रेलिंगला लावतो, पॅरिसमध्ये एका पुलावरून दुसऱ्या पुलावर असंच गेलं. आणि मग कुलपं विकणारा येणार, मार्कर देणारा येणार, त्या चार लोकांचा धंदा झाला की काढायची गोष्ट काढली तरी भांडण. एखाद्या रिसॉर्टनं स्वतःच्या आवारात केलं तर त्यांचं ते बघून घेतील, माझी हरकत नाही. पंचायतीच्या पैशानं नको. तोच पैसा जेटीवरच्या बंद दिव्याला लागू दे.

आणि मला हवं आहे ते त्याहून फार मोठं नाही. समुद्राकडे तोंड करून बसायला दगडी किंवा काँक्रीटचे बाक, लोखंडी नकोत. डोळ्यात जाणार नाही पण रस्ता दिसेल एवढा उजेड. बायकांसाठी पाणी असलेलं स्वच्छतागृह, कारण ते नसतं म्हणून मुली तासाभरात घरी परततात, हे कोणी बोलतच नाही. आणि "विनापरवाना कोणाचाही फोटो किंवा व्हिडिओ काढू नये" असा एक बोर्ड, कुलूप लावू नये या बोर्डाच्या शेजारीच. असे बाक झाले तर तिथं फक्त जोडपीच बसतील असं पण नाही, म्हातारी माणसं बसतील, नवरा-बायको दिवसभराचं काम उरकून बसतील, आमच्याकडे लग्न झालेल्या जोडप्याला तरी घरात बोलायला कुठं निवांत जागा असते.

कुलपं काढायची ती शांतपणे काढावीत. जेटी ज्यांच्या ताब्यात असेल त्यांनी, मेरीटाईम बोर्ड असो, बांधकाम खातं असो नाहीतर ग्रामपंचायत, महिन्यातून एकदा कटर घेऊन माणूस पाठवावा, फोटो नाही, बातमी नाही, कोणाची नावं वाचून दाखवणं नाही. पॅरिसनं २०१७ मध्ये काढलेल्यातली काही कुलपं लिलावात विकली आणि आलेले अडीच लाख युरो निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिले. आपल्याकडे भंगारात चार किलोचे काय येतील ते येतील, त्यातनं बाक होणार नाही, त्यासाठी पर्यटनाच्या निधीतूनच मागावं लागेल.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा असते आणि दिवाळीचे पर्यटक त्यानंतर येतात, म्हणजे वेळ आहे. ज्यांच्या गावात जेटी आहे, पॉइंट आहे, साकव आहे त्यांनी लेखी अर्ज द्यावा. फक्त अर्ज एकच करा आणि दोन्ही मागण्या त्यातच लिहा. कुलपं काढायची मागणी वेगळी गेली तर ती लगेच मंजूर होईल, टाळ्या पडतील, आणि दुसऱ्या दिवशी कुलपांबरोबर पोरांना पण उठवलं जाईल. बाकांची आणि दिव्याची मागणी वेगळी गेली तर ती कधीच मंजूर होणार नाही.